आठ लाख वर्षं पुढचं पुणे लिहायचं, तर काळयंत्रावर पानं घालवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातला एक तरुण संशोधक काळयंत्रात बसून आठ लाख वर्षं पुढे जातो, तिथली माणसं बघतो आणि परत येतो, अशी लघुकादंबरी तुम्ही लिहिताय. पहिला खर्डा हातावेगळा झालाय. दोघांना वाचायला दिलात. एकाचं म्हणणं, यंत्राचं विज्ञान कच्चं आहे. दुसरीचं म्हणणं, भविष्यकाळ खोटा वाटतो. आता तुम्ही विचारताय की विज्ञान किती द्यावं आणि इतक्या लांबचा काळ वाचकाला पटेल असा कसा रंगवावा.

सोबत दोन पानं जोडलीत ते बरं केलंत, नाहीतर हवेत बोलावं लागलं असतं. ती वाचून माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वाचकाचं ऐकू नका, दुसरीचं ऐका. यंत्राचं विज्ञान पुरेसं आहे, खरं तर गरजेपेक्षा जास्तच आहे. अडचण अशी की तुमच्याकडे आठ लाख हा नुसता आकडा आहे, त्याचं अंतर पानावर उतरलेलं नाही. ‘आठ लाख’ खोडून तिथे ‘तीनशे’ लिहून बघा. त्या दोन पानांतलं एकही वाक्य बदलावं लागत नाही. दिवाळी अंकांसाठी येणाऱ्या विज्ञानकथा मी बरीच वर्षं निवडते आहे, आणि दूरच्या भविष्याची गोष्ट आली की ही कसोटी सगळ्यात आधी लावते. बहुतेक गोष्टी इथेच गळतात.

आधी एक खुलासा. पुढचं सगळं तुम्ही प्रौढ वाचकासाठी, गंभीरपणे लिहीत आहात असं धरून सांगते आहे. कुमारांसाठी लिहीत असाल तर समजावून सांगणारं एखादं पात्र लागतंच, आणि ते चालतंही. उपहास करायचा असेल, म्हणजे आठ लाख वर्षांनंतरही लक्ष्मी रोडवर पार्किंग मिळत नाही वगैरे, तर भूगर्भशास्त्राचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. तुमच्या पानांवरून मात्र तसं काही दिसत नाही.

यंत्राचं लवकर आटपू. भविष्यात जाणं ही भौतिकशास्त्राच्या दृष्टीने साधी गोष्ट आहे. वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ मागे पडतं. १९७१ साली विमानांतून आण्विक घड्याळं पृथ्वीभोवती फिरवून हे मोजलं गेलं आहे. तुमच्या फोनमधल्या नकाशासाठी जे जीपीएस उपग्रह वापरतात, त्यांच्या घड्याळात दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती धरावीच लागते, कारण त्यांचा वेग आणि वरचं विरळ गुरुत्व दोन्ही आपापला परिणाम करतात. पण याच हिशोबाने प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने यानात दहा वर्षं काढली, तरी पृथ्वीवर जेमतेम सत्तर वर्षं उलटतात. दहा वर्षांत आठ लाख गाठायची तर वेग प्रकाशाच्या इतका जवळ न्यावा लागेल की दशांशचिन्हापुढे दहा वेळा ९ लिहावे लागतील. बरं, हा रस्ता एकेरी. मागे येण्यासाठी सापेक्षतेच्या समीकरणांत फटी नाहीत असं नाही. १९४९ साली कुर्ट गोडेल यांनी फिरत्या विश्वाचं एक उत्तर दाखवलं, त्यात स्वतःच्या भूतकाळात पोचवणारे मार्ग निघतात. आपलं विश्व तसं फिरताना मात्र दिसत नाही.

म्हणजे परतीचा प्रवास ही थाप आहे. विज्ञानकथेला एक थाप माफ असते. ती पहिल्या काही पानांत ठामपणे मारावी, तिला एक नियम आणि एक किंमत जोडावी आणि पुढे चालू लागावं. तुम्ही अठरा पानं यंत्र समजावता आहात. जितकं समजवाल तितका वाचक भोकं शोधत बसतो. तुमच्या पहिल्या मित्राने तेच केलं.

विज्ञान द्यायचंच असेल तर कधी द्यावं, याचा धडा आपल्या घरातच आहे. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ पुन्हा वाचा, पण या वेळी फक्त रचना बघायला. गंगाधरपंत आधी त्या वेगळ्या इतिहासात जाऊन पडतात. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, असं ते जग. तिथे हिंडतात, चक्रावतात, परत येतात. त्यानंतर कुठे राजेंद्र त्यांना शास्त्रातले दाखले देऊन काय घडलं असेल ते सांगतो. तोवर वाचक स्वतःच ‘हे झालं कसं?’ म्हणून अधीर झालेला असतो. भूक लागल्यावर ताट वाढलंय. तुम्ही ताट आधी वाढून ठेवलंत.

यंत्राबद्दल एकच प्रश्न मात्र टाळू नका, कारण चौकस वाचक तो विचारतोच: यंत्र उतरतं कुठे? पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते, सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती, मग यंत्र पोकळीत नाही का पडणार? याला सरळ उत्तर असं की विश्वात ‘स्थिर जागा’ अशी कुठली नाहीच, त्यामुळे यंत्र खालच्या कातळाला बांधलेलं आहे असा नियम तुम्ही करू शकता. पण तो केलात की एक मजेशीर अडचण येते, आणि ती तुमच्या फायद्याची आहे. कातळाचा पृष्ठभाग तरी आठ लाख वर्षं तिथेच राहील का? तुमचा नायक मुठेकाठच्या एका तळघरातून निघतो. नदी गाळ टाकत गेली तर तो जमिनीच्या पोटात उगवेल. वेताळ टेकडीवरून निघाला तर टेकडी झिजलेली असेल आणि तो हवेत. कुठून निघायचं याचा विचार त्याने एक रात्र करावा, आणि तो विचार करताना वाचकाला आठ लाख वर्षं पहिल्यांदा जाणवावीत. अठरा पानांऐवजी हे एक पान ठेवा.

आता अंतराकडे येऊ. पुढे किती बदलेल हे ठरवायला मी नेहमी मागे तेवढंच बघते. पुण्यात राहून हे सोपं आहे. जुन्नरच्या बाजूला कुकडी नदीकाठी बोरी नावाचं गाव आहे. तिथल्या नदीच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडली आणि तिच्या आगेमागे अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी त्यावर बरंच काम केलंय. राखेच्या वयावरून अभ्यासकांत जुना वाद आहे. काहींच्या मते ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या सुमात्रातल्या टोबा उद्रेकाची, काहींच्या मते कित्येक लाख वर्षं जुनी. वाद कुठल्याही बाजूने सुटो, तुमच्यासाठी मुद्दा हा की ज्याने ती हातकुऱ्हाड घडवली त्याचं आपल्याकडे दुसरं काहीही उरलेलं नाही. त्याचं बोलणं नाही, नाव नाही, तो कशाला हसायचा ते नाही. कामाला येणारा एक दगड तेवढा उरला. आठ लाख वर्षांपूर्वी तर आपली जातच नव्हती; होमो सेपियन्सचे सगळ्यात जुने ज्ञात अवशेष तीन लाख वर्षांच्या आसपासचे आहेत.

हे एकदा डोक्यात भिनलं की तुमच्या दोन पानांतल्या कितीतरी गोष्टी आपोआप खटकतील. सिंहगडावरचा मनोरा ‘भग्नावस्थेत’ उभा आहे, म्हणता. नाही हो. लोखंडी सळ्यांचं काँक्रीट काही शतकांत सळ्या गंजून फुटतं. खडकवासल्याचं धरण आठ लाख वर्षांच्या मानाने पहिल्याच क्षणाला गाळाने भरून गेलेलं असेल. भूमिगत मेट्रोचे बोगदे तसेच. अणुभट्टीतल्या प्लुटोनियमने झळाळणारी दरी दाखवली आहे, तीही काढा. प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४ हजार वर्षं. आठ लाख वर्षांत तेहतीस वेळा निम्मं झाल्यावर नावालाही उरत नाही. मग उरेल काय? दगड आणि भाजलेली माती. शिरूरजवळ इनामगावच्या उत्खननात तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची खापरं ढिगाने निघाली. आपलीही खापरं निघतील: कपबश्या, फरश्या, आणि हसू नका, संडासाची भांडी. जमिनीखाली नीट पुरले गेलेले ग्रॅनाइटचे कापीव तुकडे. आपल्या संस्कृतीचा प्रतिनिधी म्हणून स्वयंपाकघराचा ओटा शिल्लक राहणार, हे मला तुमच्या भग्न मनोऱ्यापेक्षा जास्त खरं आणि जास्त भयंकर वाटतं.

उलट काही गोष्टी वाटतात तेवढ्या बदलत नाहीत, आणि तिथे लेखक हमखास फसतात. चंद्र पृथ्वीपासून वर्षाला ३.८ सेंटिमीटरने दूर सरकतोय हे वाचून तुम्ही आकाशात चिमुकला चंद्र टांगलाय. गुणाकार करा: आठ लाख वर्षांत जेमतेम ३० किलोमीटर. सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरच्या अंतरात हे डोळ्याला काय दिसणार? दिवस लांबेल, पण पंधराएक सेकंदांनी. भारताचा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो, म्हणजे ४० किलोमीटर, नकाशावर नखाएवढं. बदलतात ते तारे. पृथ्वीचा अक्ष साधारण २६ हजार वर्षांत एक फेरी मारतो, बाराएक हजार वर्षांनी ध्रुवपदाजवळ अभिजित असेल, आणि आठ लाख वर्षांत अशा तीस फेऱ्या. सप्तर्षींतले मधले पाच तारे एकाच दिशेने चाललेत, पण टोकाचे क्रतू आणि मरीची वेगळ्या वाटेने. तेव्हा तुमच्या नायकाला वर बघून वसिष्ठ-अंगिरस कदाचित एकमेकांजवळ दिसतील, पण पतंग मोडलेला असेल. मृगातला काक्षी (बेटलज्यूज) हा तांबडा तारा तोवर फुटून गेलेला. चंद्र ओळखीचा आणि त्यामागचं आकाश परकं, ही एक रात्र तुम्ही नीट लिहिलीत तर पोकळ विशेषणांचं अख्खं पान गाळता येईल.

हवामानाचंही तसंच. तुम्ही सरसकट वाळवंट केलंय. अंटार्क्टिकातल्या बर्फाच्या एका गाभ्यातून गेल्या आठ लाख वर्षांची हवा वाचता आली आहे (बघा, अगदी तुमचाच आकडा), आणि त्यात आठ हिमयुगी आवर्तनं दिसतात. कार्बन डायऑक्साइड या सगळ्या काळात दशलक्ष भागांत १८० ते ३०० च्या दरम्यान हलत राहिला. आज तो ४२० च्या पुढे गेलाय. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता आणि इथला मान्सून क्षीण होता. तेव्हा आठ लाख वर्षं हे एक हवामान नसतं, ती ये-जा असते. तुमची माणसं त्या ये-जेतल्या कुठल्या टप्प्यावर भेटतात ते तुम्हाला माहीत असू दे, वाचकाला सांगायची गरज नाही.

आणि भाषा! तुमचा वृद्ध ज्ञानी ‘हे मानवा’ म्हणून प्रमाण मराठीत बोलतो. ज्ञानेश्वरी १२९० सालची, सव्वासातशे वर्षांची. सार्थ प्रत हाती घेतल्याशिवाय आपल्यापैकी किती जणांचं पान पुढे सरकतं? नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखांना दोन हजार वर्षं झाली. ब्राह्मी लिपी वाचणंच लोक विसरले होते, १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने ती पुन्हा वाचली. दोन हजारांत ही गत, तर आठ लाखांत? डोक्यावर भाषांतराची टोपी घालून हा प्रश्न सोडवू नका. बोलणं कळत नाही, हेच तुमच्या कादंबरीचं इंजिन आहे.

यावरून त्या ज्ञानी वृद्धाकडे वळू. तो काढून टाका. मला ठाऊक आहे की तुमचा त्याच्यावर जीव आहे, त्याच्या तोंडी रैवत राजाची आणि रेवतीची पुराणकथाही तुम्ही घातली आहे. (ब्रह्मलोकी घटकाभर थांबले आणि इथे युगं उलटली, ती. माझ्याकडे येणाऱ्या कालप्रवासाच्या दर दुसऱ्या कथेत रेवती असते. तिला जरा विश्रांती द्या.) अडचण अशी की तो ‘तुझ्या काळानंतर तीन महायुद्धे झाली, मग आम्ही यंत्रांचा त्याग केला’ असं सांगून मोकळा होतो आणि नायकाला शोधायला काही उरत नाही. आठ लाख हा आकडा तुम्ही कुठून घेतलात ते उघड आहे, एच. जी. वेल्सचा प्रवासी १८९५ च्या ‘द टाइम मशीन’ या कादंबरीत सन ८,०२,७०१ मध्ये पोचतो. पण आकडा उचललात आणि खरी चीज तिथेच ठेवलीत. त्या प्रवाशाला कोणी काही समजावून सांगत नाही. तो बघतो, सिद्धान्त मांडतो, तोंडावर आपटतो, नवा मांडतो.

तुमचाच प्रसंग मी असा लिहिला असता:

‘पहाटे ती माणसं उताराच्या कडेला जमली. जमिनीतून अर्धवट वर आलेली एक काळी फरशी होती, तीनेक हात लांब, कडा झिजून गोल झालेल्या. तिच्यात एक चौकोनी भोक. प्रत्येक जण पुढे येऊन फरशीवरून तळवा भोकाच्या दिशेने फिरवी, ओला हात तोंडाला लावी आणि बाजूला होई. कोणी बोलत नव्हतं. मी ठरवून टाकलं की हे देवस्थान आहे आणि बळी त्या भोकातून जात असावा. ते गेल्यावर खाली वाकून डाग शोधले. कातळात खळगा होता आणि त्यात ओंजळभर पाणी.’

वाचकाने ओटा आणि सिंकचं भोक ओळखलेलं असतं. नायकाला अजून वीस पानं लागू देत. धुक्याचं पाणी टिपणारी ही माणसं भाविक नाहीत, तहानलेली आहेत, हे त्याला उशिरा कळू दे. त्या वीस पानांत वाचक तुमच्या मुठीत असतो.

माणसांच्या शरीराबद्दल. मोठं डोकं, काडीसारखे हातपाय, टक्कल: हे चित्र उत्क्रांतीला शिडी समजल्यामुळे येतं. उत्क्रांतीला वर जायचं नसतं. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर २००३ साली सापडलेल्या मानवजातीची उंची मीटरभर आणि मेंदू आपल्या सुमारे एक-तृतीयांश होता, तरी त्यांच्यासोबत दगडी हत्यारं मिळाली. बेटावर अडकून पडणं हे बहुधा त्यामागचं कारण. तुम्हाला दोन वेगळ्या मानवजाती हव्या आहेत. आठ लाख वर्षं म्हणजे साधारण ३२ हजार पिढ्या, वेळ आहे. पण दोन गट इतका काळ एकमेकांत मिसळलेच नाहीत, हे कशामुळे? ‘श्रीमंत वर, कामगार खाली’ ही वेल्सच्या इंग्लंडची फाळणी होती. तुम्ही ती हिंजवडी आणि झोपडपट्टी अशी केलीत. फाळणी तीच, फक्त नावं बदलली.

मी पुणे जिल्ह्याचा पाऊस घेतला असता. घाटमाथ्यावर ताम्हिणीकडे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर, शहरात सातशेच्या घरात, पूर्वेला दौंड-बारामतीकडे पाचशेच्या आसपास. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर. सह्याद्री उभा आहे तोवर ही उतरंड राहणार, माणसांनी काहीही करो. नुसत्या उतरंडीने मानवजाती वेगळ्या होत नाहीत, मधली वाट कोणीतरी बंद करावी लागते. ती कोणी, कधी आणि पाण्यासाठीच का, ही तुमची कादंबरी. माझी सूचना पटली नाही तरी हरकत नाही, पण जी फाळणी निवडाल ती आज इथे दिसणारी असावी आणि आठ लाख वर्षं टिकेल इतक्या टणक गोष्टीवर उभी असावी.

लांबीबद्दल शेवटी विचारलं आहे. यंत्राची पानं आणि ज्ञानी वृद्ध गेल्यावर तुमच्या तीस हजार शब्दांतले वीसेक हजार उरतील असा माझा अंदाज आहे, आणि या गोष्टीला तेवढे पुरतात. पुन्हा भरायला जाऊ नका. परतीनंतरची तीन प्रकरणं एका प्रकरणात बसतात. पत्रकार परिषद तर नकोच, त्याचं ऐकणारी एकच व्यक्ती ठेवा. दिवाळी अंकाला पाठवायचं असेल तर पावसाळा सुरू व्हायच्या आत पाठवा, कारण मोठ्या मजकुराची जागा लवकर ठरून जाते. आधी पूर्ण बाड नको. पहिली दोन प्रकरणं, एका पानाचा गोषवारा आणि एकूण शब्दसंख्या एवढं पुरे. गोषवाऱ्यात शेवट सांगून टाका. संपादकापासून शेवट लपवणाऱ्या लेखकांची बाडं आम्ही बाजूला ठेवतो. आणि काळयंत्राची आकृती जोडू नका.